साडेसहा मिलिमीटरची चढण

अमृत शिळीमकरांची गाडी साडेसहा मिलिमीटरने कमी पडत होती. हा निष्कर्ष निघाला तेव्हा सासुरवाडीच्या जत्रेला अकरा महिने उरले होते आणि तिथल्या देवळासमोरच्या पारावर, एकोणतीस माणसांच्या देखत, शिळीमकर असं काही बोलून बसले होते की ते आता मागे घेता येत नव्हतं.

माणसं एकोणतीसच होती. शिळीमकर मोजणी खात्यात भूमापक होते आणि समोर दिसेल ते मोजल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. भोर तालुक्यातले बांध ते अठरा वर्षं मोजत आले होते. वीतभर जमिनीसाठी एकमेकांचं तोंड न पाहणाऱ्या सख्ख्या भावांच्या मधोमध त्यांनी खुणेचे दगड रोवले होते आणि दोघांच्याही शिव्या सारख्याच शांतपणे ऐकल्या होत्या. ‘अंदाजे’ हा शब्द त्यांच्या घरात फक्त पत्नी रत्नाबाई वापरत, तोही मिठापुरता.

सासुरवाडी वेल्ह्याकडच्या डोंगरात, करंजखिंडीच्या माथ्यावर. खिंड पायथ्यापासून माथ्यापर्यंत एक हजार नऊशे चाळीस मीटर. दर चैत्रात शिळीमकर पत्नीसह नसरापुराहून जत्रेला निघत. पायथ्याशी सासूबाई, सोजराबाई, भाकरतुकडा घेऊन उभ्या असत. तो लेक-जावयावरून ओवाळून टाकायचा आणि मगच त्यांना वर न्यायचं, अशी त्या घरची रीत होती. मग सोजराबाई मागच्या सीटवर लेकीला चिकटून बसत, गाडी निघे आणि दुसऱ्या वळणावर पहिल्या गिअरमध्ये मान टाके. मायलेकी उतरून चालू लागत. हलकी झालेली गाडी शिळीमकर एकटे वर नेत. त्यातही इंजिन थंड करायला दोनदा थांबावं लागे. एका वर्षी ते पोचले तेव्हा सोजराबाईंचा चहा पिऊन झाला होता.

गेल्या चैत्रात मेहुणा दत्ता पारावर म्हणाला की दाजींच्या गाडीचा एक फायदा आहे, बसून बसून पाय आखडत नाहीत. दत्ताकडे शेळ्या बाजारला न्यायचा पिकअप होता आणि आठ बोकड घेऊन तो तीच खिंड बोलत बोलत चढे. लोक हसले. हसण्याला शिळीमकरांची हरकत नव्हती. पण ज्यांच्या जमिनी त्यांनी मोजल्या होत्या असे चौघे पारावर होते आणि ते चौघे गरजेपेक्षा बराच वेळ हसले.

“पुढच्या जत्रेला,” शिळीमकर म्हणाले, “या खिंडीत एकाचाही पाय जमिनीला लागणार नाही. मी आणि माझी हीच गाडी.”

‘हीच’ हा शब्द बोलायची गरज नव्हती. दत्ताने मोबाईल काढून तो तारखेसह टिपून ठेवला.

नवी गाडी घ्या, असं मग साऱ्यांनी सांगून पाहिलं. शिळीमकरांचं म्हणणं असं की गाडीत दोष नाही. चोवीस वर्षांची, लग्नाच्या वर्षी घेतलेली, तेराशे सीसीची, एकदाही कुठे घासलेली नाही. फक्त तिचं माप चढापेक्षा कमी आहे, आणि माप कमी असलं तर ते वाढवायचं असतं. हे कसं वाढवायचं ते त्यांना गोरखने सांगितलं. गोरखचं गॅरेज नसरापूर फाट्याला होतं. पोटासाठी तो टेम्पोचे क्लच बदलत असे, पण त्याचा जीव वेगवान गाड्यांत होता आणि आयुष्यात एक तरी स्ट्रोकर इंजिन आपल्या हातून व्हावं अशी त्याची इच्छा होती. तोवर असं गिऱ्हाईक त्याला भेटलं नव्हतं. पिस्टन सिलिंडरमध्ये जेवढा वरखाली जातो तो स्ट्रोक, त्याने समजावलं. पिस्टन ज्या दांड्याला फिरवतात त्या क्रँकच्या पिना मधल्या आसापासून थोड्या लांब सरकवल्या की तो वाढतो, दर फेऱ्याला इंजिन जास्त हवा-पेट्रोल ओढतं आणि चढावर रेटा मिळतो. इंजिन बाहेरून तेवढंच दिसतं, आतून मोठं होतं.

शिळीमकरांना ही कल्पना एकदम पटली. बाहेरच्या हद्दी तशाच ठेवून आतलं क्षेत्रफळ वाढवणं ही गोष्ट अठरा वर्षांच्या नोकरीत त्यांच्याकडे पुष्कळांनी मागितली होती आणि त्यांनी प्रत्येकाला नाही म्हणून सांगितलं होतं. इथे ती कायदेशीरपणे होणार होती. त्यांनी कागद घेतला. स्ट्रोक साडेपंचाहत्तर मिलिमीटर आहे, तो ब्याऐंशी करायचा. सिलिंडरही अर्धा मिलिमीटर रुंद करायचा. एकूण एक हजार चारशे तीस सीसी. गोरख म्हणाला, म्हणजे जवळजवळ दीड हजार. शिळीमकर म्हणाले, म्हणजे चौदाशे तीस.

रत्नाबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “आम्हाला खिंडीत चालायचा काही त्रास होत नाही हो. उलट बरं वाटतं.”

नवऱ्याची इभ्रत सांभाळण्यासाठी चांगल्या बायका असंच बोलतात, हे शिळीमकरांना माहीत होतं. त्यांचा निश्चय आणखी पक्का झाला.

खालच्या मजल्यावरचे कोंडिबाआप्पा एसटीतून निवृत्त झालेले चालक. घाटाबद्दल बोलायचा अधिकार आपल्या इमारतीत आपल्यालाच आहे, असं ते मानत आणि ते खरंही होतं. त्यांचा सल्ला असा, की गाडीचा सगळ्यात जोरकस गिअर रिव्हर्सचा असतो. तेव्हा इंजिन खोलण्यापेक्षा खिंड उलटी चढावी. सल्ल्यात तथ्य होतं, म्हणून शिळीमकरांनी तो रागाने फेटाळला. जावई सासुरवाडीला पाठमोरा पोचणार, हे चित्र त्यांना बघवेना. आप्पांनी मात्र तो सल्ला वर्षभर, जिन्यात भेटतील तेव्हा, पहिल्यांदाच सुचल्यासारखा दिला.

क्रँकच्या पिना वेल्डिंगने भरून, आस सरकवून घासायचं काम पुण्यातल्या एका ग्राइंडिंगवाल्याने केलं. ज्येष्ठातल्या एका शनिवारी शिळीमकर तो क्रँक आणायला एसटीने गेले, कारण गाडी अर्थातच इंजिनाविना गोरखकडे विटांवर उभी होती. क्रँक बारा किलोचा. घासलेल्या पिनांना ओरखडा नको म्हणून त्यांनी तो रत्नाबाईंच्या जुन्या सुती साडीत गुंडाळून, छातीशी धरून, उभ्याने प्रवास सुरू केला. कात्रजच्या पुढे एक बाई जागेवरून उठल्या आणि म्हणाल्या, बसा, लेकरू दमलंय जणू. शिळीमकर आयुष्यात खोटं बोलले नव्हते. पण बारा किलो वजन घेऊन तासभर उभे राहिलेही नव्हते. ते बसले. बाई शिवऱ्याला उतरेपर्यंत त्यांच्याकडे कौतुकाने बघत राहिल्या आणि उतरताना म्हणाल्या, “गुणाचं हाय. एकदा बी रडलं न्हाई.”

इथवर सगळं मापात होतं. बिघडलं ते सिलिंडर रुंद करताना. ते काम शिवऱ्याच्या ज्ञानू लेथवाल्याकडे दिलं होतं. ज्ञानूने पंचवीस वर्षं शेतातल्या पाणी ओढायच्या इंजिनांची कामं केली होती आणि त्याचं एक तत्त्व होतं: सिलिंडर जरा सैल ठेवावा, म्हणजे धूळ गेली तरी इंजिन अडत नाही आणि शेतकरी परत येऊन डोकं खात नाही. हे तत्त्व त्याने याही सिलिंडरला लावलं. पिस्टन आत टाकला तर तो विहिरीत पोहरा पडावा तसा गेला.

पिस्टनचा प्रकार याहून वाईट झाला. स्ट्रोक साडेसहाने वाढला की त्यातली निम्मी वाढ वर जाते आणि निम्मी खाली. म्हणजे सव्वातीन मिलिमीटरनेच पिस्टन वर डोकं काढणार आणि तेवढाच तो वरून तासायचा. शिळीमकरांनी ज्ञानूला जो सुबक नकाशा करून दिला होता, त्यात उत्तर दिशा दाखवली होती, प्रमाण लिहिलं होतं, खाली सही आणि दिनांक होता आणि मधोमध फक्त ‘वाढ: ६.५’ एवढंच होतं. ज्ञानूने पिस्टनच्या डोक्यावरून साडेसहा मिलिमीटर तासायला घेतले.

“साडेपाचला आतनं उजेड दिसाया लागला,” तो म्हणाला. “म्हून म्या थांबलो.”

यावर दोघांची बाचाबाची झाली ती हुबेहूब बांधाची भांडणं होतात तशी झाली. वाढ झाली ती दोन्ही अंगांना वाटून घ्यायची हे नकाशात कुठं लिहिलंय, असा ज्ञानूचा सवाल होता. ते न लिहिताच कळायला हवं, हे शिळीमकरांचं उत्तर होतं आणि हे उत्तर त्यांनी आजवर एकाही खातेदाराकडून ऐकून घेतलं नव्हतं. शेवटी सिलिंडर आणखी अर्धा मिलिमीटर वाढवून नीट घट्ट बसणारे, आणि पिन वरच्या अंगाला असलेले, म्हणजे न तासता पुरणारे, नवे पिस्टन शोधावे लागले. त्यात दोन महिने गेले. मात्र चुकीमुळे इंजिन एक हजार चारशे एकोणपन्नास सीसीचं झालं. एकोणीस सीसी फुकट मिळाले, असं गोरख म्हणाला. शिळीमकर त्या रात्री जेवले नाहीत.

दरम्यान त्यांनी परिवहन कार्यालयात अर्ज केला. तो करायला त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. पण सरकारी माणसाच्या गाडीच्या पुस्तकात तेराशे आणि पोटात चौदाशे एकोणपन्नास, हे त्यांना सहन होईना. खिडकीमागे नूतन मॅडम होत्या. त्यांनी विचारलं, इंजिन बदललं का. नाही. इंजिनाचा नंबर बदलला का. नाही. मग बदललं काय. क्रँकच्या पिनांचं केंद्र सव्वातीन मिलिमीटरने सरकलं, शिळीमकर म्हणाले. ते बाहेरून दिसतं का, मॅडमनी विचारलं. नाही. मॅडमनी पेन खाली ठेवलं आणि इतक्या वर्षांत इथे लोक लपवायला येतात, सांगायला आलेले तुम्ही पहिलेच, असं सांगून अर्ज ठेवून घेतला. पंधरा दिवसांनी तो टपालाने परत आला. वर शेरा होता: ‘अर्जदारास नेमके काय हवे आहे याचा बोध होत नाही.’ शिळीमकरांनी तो शेरा दोनदा वाचला. हेच वाक्य, याच क्रमाने, ते स्वतः महिन्याला निदान सहा अर्जांवर लिहीत. त्यांनी दुसरा अर्ज केला, मग कंपनीच्या मान्यतेचा कागद मागितला म्हणून तिसरा. तिसऱ्याची पोच त्यांनी प्लास्टिकच्या पिशवीत घालून गाडीच्या कप्प्यात ठेवली. उत्तर यायचं होतं.

गोरखच्या गॅरेजात धूळ फार, म्हणून जुळणी शिळीमकरांनी आपल्या घरी, जेवणाच्या टेबलावर करायची ठरवली. तीन माणसांनी इंजिनाचा सांगाडा दुसऱ्या मजल्यावर चढवला. कोंडिबाआप्पांनी जिन्यात उभं राहून मार्गदर्शन केलं. तेव्हापासून रत्नाबाई ओट्याशी उभ्याने जेवू लागल्या आणि दसरा आला.

खंडेनवमीला हत्यारं, अवजारं पुजायची. शिळीमकरांच्या घरी दरवर्षी मोजणीची साखळी आणि रत्नाबाईंचं शिवणयंत्र पुजलं जाई. या वर्षी टेबलावर अख्खं इंजिन असताना ते वगळणं रत्नाबाईंना बरं वाटेना. शिळीमकर भोरला गेले होते. रत्नाबाईंनी इंजिनावरचं फडकं बाजूला केलं, हळदकुंकू वाहिलं, झेंडूचं फूल ठेवलं आणि चिमूटभर अक्षता टाकल्या. संध्याकाळी त्यांनी सगळं पुसूनही घेतलं. अक्षता मात्र जिथे जायच्या तिथे गेल्या होत्या.

मार्गशीर्षात इंजिन गाडीत बसवून पहिल्यांदा सुरू केलं तेव्हा असा आवाज झाला की फाट्यावरचे लोक रस्त्यातच थबकले. गोरखच्या डोळ्यांत पाणी आलं. चाळीस सेकंदांनी तेलाचा लाल दिवा लागला. पुन्हा सगळं खोलावं लागलं. तेलाच्या बारीक वाटेत गोरखला सात तांदूळ सापडले, तेलाने माखून घट्ट अडकलेले. ते त्याने तळहातावर धरून शिळीमकरांपुढे केले आणि काही विचारलं नाही. शिळीमकरांनीही घरी काही विचारलं नाही. फक्त पुढच्या जुळणीला टेबलाभोवती जुन्या चादरीचा पडदा लागला.

फाल्गुनात गाडी तयार झाली. इंजिनाला श्वास मोकळा हवा म्हणून गोरखने मागची नळी रुंद केली होती. त्यामुळे शिळीमकर ऑफिसला निघाले हे इमारतीला, महामार्गाला आणि वारा पश्चिमेचा असला तर पार भोंगवलीपर्यंत कळे. एका भर दुपारी, लोक रानात असताना, त्यांनी गुपचूप खिंडीत चाचणी घेतली. माणसांऐवजी पेंडीची पोती भरली होती, वजनं मोजून. सासूबाईंचे अठ्ठेचाळीस किलो सरळ धरले होते. रत्नाबाईंनी आपलं वजन सांगायला नकार दिल्यामुळे ते अनुमानाने कागदावर लिहिलं होतं आणि तो कागद पुढे त्यांना सापडला, पण तो वेगळा विषय आहे. गाडी न थांबता, न कण्हता, तीन मिनिटं चाळीस सेकंदांत माथ्यावर गेली. वर कुणी नव्हतं. शिळीमकर उतरले, गाडीभोवती एक फेरी मारली आणि पेंडीच्या पोत्यांकडे बघून हसले.

मग जत्रेची सकाळ आली. पुढच्या सीटवर कोंडिबाआप्पा होते. वजन जास्त घेऊन चढलो तर यश जास्त, या हिशेबाने शिळीमकरांनी त्यांना आग्रहाने आणलं होतं. मागे रत्नाबाई. त्या सकाळपासून गप्प होत्या. शिळीमकरांना वाटलं, त्यांनाही धाकधूक आहे.

पायथ्याशी करंजाखाली सोजराबाई उभ्या होत्या. त्यांनी लेकीवरून आणि जावयावरून तुकडा ओवाळून टाकला, जरा विचार करून गाडीच्या बॉनेटवरूनही ओवाळला आणि रत्नाबाईंचा हात धरून मागे बसल्या. माथ्यावर माणसं जमलेली खालूनच दिसत होती. हलगीचा आवाज येत होता. गोरख मोबाईल घेऊन सकाळीच दत्ताच्या पिकअपमधून वर गेला होता. शिळीमकरांनी घड्याळ बघितलं, दहा वाजून चार मिनिटं, आणि गाडी सोडली.

पहिलं वळण कधी आलं ते कळलंच नाही. कोंडिबाआप्पांनी दांडी घट्ट पकडली आणि मान डोलावली. तीस वर्षं घाटात काढलेल्या माणसाची ती पावती होती. इंजिन गर्जत होतं, काच थरथरत होती, साडेसहाच्या साडेसहा मिलिमीटर एकदिलाने राबत होते. शिळीमकरांनी आरशात बघितलं, मागच्यांनाही हे जाणवतंय का ते पाहायला.

सोजराबाई काहीतरी बोलत होत्या. रत्नाबाई कान पुढे करून “काय?” म्हणत होत्या. सोजराबाईंनी पुन्हा सांगितलं. रत्नाबाईंनी मान हलवली, ऐकू आलं नाही म्हणून. सोजराबाई ओरडून बोलल्या, पण ओरडून बोलायची ती गोष्ट नसावी, कारण दोन शब्दांनंतर त्यांनीच आप्पांच्या पाठीकडे बघितलं आणि थांबल्या.

“अहो, आवाज जरा कमी होतो का?” रत्नाबाईंनी पुढे वाकून विचारलं.

आवाज कमी झाला की जोर कमी होतो, हे शिळीमकरांनी ओरडून सांगितलं.

“मग आम्हाला इथं उतरू दे. वर गेल्यावर चाळीस माणसं असतात घरात. आईला काही सांगायचंय.”

“आता?” शिळीमकर म्हणाले. “आता एक मिनिट पन्नास सेकंद राहिलेत.”

रत्नाबाई मागे टेकल्या. सोजराबाईंनी लेकीच्या मांडीवर थोपटलं आणि काही म्हणाल्या. ते मात्र, वळणाला गिअर बदलताना आवाज क्षणभर पडला म्हणून, शिळीमकरांना स्पष्ट ऐकू आलं.

“ऱ्हाऊ दे. फुडल्या साली बोलू.”

दुसरं वळण आलं. जिथे दरवर्षी गाडी मान टाके ती जागा. शिळीमकर भराभर मोजू लागले, कारण अडचणीत त्यांना दुसरं काही येत नसे. वर्षातून एकदा. इथून माथ्यापर्यंत चालत पाऊण तास. लग्नाला चोवीस वर्षं. म्हणजे अठरा तास. चोवीस वर्षांत मायलेकी आपसात जे काही बोलल्या होत्या ते या अठरा तासांत, या रस्त्यावर, आणि ते तास त्यांना बंद पडणाऱ्या गाडीने मिळवून दिले होते. वर हलगी वाजत होती. गोरखने हात उंच करून मोबाईल धरलेला दिसत होता. दत्ता कमरेवर हात ठेवून उभा होता आणि त्या चौघांपैकी तिघे त्याच्या शेजारी होते. शिळीमकरांचा पाय म्हणत होता दाब आणि हात किल्लीशी गेला होता.

त्यांनी किल्ली फिरवली. खिंडीत एकदम इतकी शांतता झाली की हलगीवाल्याचाही ठेका चुकला.

“बंद पडली,” शिळीमकर समोर बघत म्हणाले.

रत्नाबाईंनी दार उघडलं. सोजराबाई उतरल्या आणि खिडकीपाशी आल्या. जावईबापू, जिवाला लावून घेऊ नका, लोखंडच ते, असं म्हणून त्यांनी छतावरून गुरावरून फिरवावा तसा हात फिरवला. मग दोघी पदर खोचून चालू लागल्या. पहिल्या वीस पावलांतच सोजराबाईंचे हातवारे सुरू झाले.

कोंडिबाआप्पा उतरले नाहीत. वळणावर रिव्हर्स घातला असता तर ही वेळ आली नसती, हे त्यांनी आधी एकदा आणि मग कारणांसह एकदा सांगितलं. शिळीमकर दोन्ही हात चाकावर ठेवून ऐकत होते. त्यांनी बॉनेट उघडलं, बंद केलं, पुन्हा उघडलं. दगडावर बसले, उठले. वरची माणसं पांगू लागली होती. खाली वाकून बघणारा एक माणूस हसल्यासारखा वाटला, पण एवढ्या अंतरावरून तसं निश्चित म्हणता येत नव्हतं.

थोड्या वेळाने दत्ता पिकअप घेऊन खाली आला. वाटेत आई-बहिणीजवळ थांबला असावा, पण त्या बसलेल्या नव्हत्या. त्याने दोर काढला, गाडीजवळ आला आणि काय झालं ते विचारलं. कळत नाही, शिळीमकर म्हणाले. बघतो, म्हणून दत्ता आत बसला आणि शिळीमकर नको म्हणायच्या आत त्याने किल्ली फिरवली.

गाडी पहिल्याच झटक्यात सुरू झाली. आवाज दरीत जाऊन परत आला.

दत्ताने शिळीमकरांकडे बघितलं. मग वर, रस्त्याकडे बघितलं. दोन लुगडी तिसऱ्या वळणाखाली सावकाश चालली होती. एक थांबली, दुसरीने तिचे डोळे पुसल्यासारखं केलं आणि पुन्हा दोन्ही चालू लागल्या. दत्ताने किल्ली उलटी फिरवली आणि शांतता झाली.

“चालू झाली की रं,” कोंडिबाआप्पा म्हणाले.

“न्हाई आप्पा,” दत्ता म्हणाला. “बंद हाय.”

आप्पांनी दत्ताकडे बघितलं, शिळीमकरांकडे बघितलं, वरच्या रस्त्याकडेही बघितलं. त्यांनी चष्मा काढून पुसला. “हां,” ते म्हणाले. “बंदच हाय. आमची यष्टी बी कैक येळा अशीच पडायची.” त्यानंतर ते खिंड संपेपर्यंत एक शब्द बोलले नाहीत.

दत्ताने दोर बांधला. गाठ ओढून बघताना, मान वर न करता तो म्हणाला, “वर गेल्यावं म्या लई बोलनार हाय, दाजी. समद्यांफुडं. ऐकून घ्यावं लागंल.”

“बोल,” शिळीमकर म्हणाले.

“ह्या चैत्राचंबी आन फुडल्या चैत्राचंबी.”

“बोल म्हटलं ना.”

पिकअप निघाला. मागे बांधलेले दोन बोकड शिळीमकरांकडे एकटक बघत होते. दोर ताणला गेला, चौदाशे एकोणपन्नास सीसीची गाडी हिसका खाऊन हलली आणि काही आवाज न करता वर चढू लागली. तिसऱ्या वळणाच्या अलीकडे त्यांनी मायलेकींना गाठलं. रस्ता अरुंद होता, पण बाजूने जायला जागा होती. शिळीमकरांच्या नजरेने ती सव्वातीन मीटर भरली. सोजराबाई हात हलवत काही सांगत होत्या आणि रत्नाबाई मान खाली घालून ऐकत होत्या. मागून काय येतंय याकडे दोघींपैकी कुणाचंच लक्ष नव्हतं.

दत्ताने पिकअप पहिल्या गिअरमध्ये टाकला आणि त्यांच्या पावलाने मागोमाग चालवत राहिला. हॉर्न वाजवला नाही.